सर्टिफिकेट कुणाचे घ्यावे?

माझी थोरली बहीण पिरनवाडीत दिली आहे. आम्हा गोवेकरांना बेळगाव जवळचेच. चोर्ला घाट चढला, कणकुंबी, जांबोटी, किणये मागे पडले की पिरनवाडीचा तिठा येतो. तिथून डावीकडे बेळगाव, उजवीकडे खानापूर. या मे महिन्यात दोन दिवसांची रजा टाकून गेलो होतो. आंबे पोचवणे हे निमित्त. खरे काम भाचीचे होते. "मामा, तुम्ही सरकारी खात्यातले. कागद कुठला खरा, कुठला खोटा ते तुम्हाला कळतंय. एकदा येऊन जावा," असा तिचा फोन आला होता.

भाचीचे शिक्षण मराठी शाळेत झाले, नंतर इंग्रजी घेऊन एम. ए. सध्या एका खाजगी शाळेत शिकवते. पगार सांगण्याजोगा नाही. तिला परदेशात जाऊन इंग्रजी शिकवायचे आहे. त्यासाठी कसलेतरी सर्टिफिकेट लागते एवढे तिला कळले आणि मोबाईलवर एकदा शोधल्यापासून जाहिरातींनी तिचा पिच्छा पुरवला. १२० तासांचा कोर्स, घरबसल्या, मूळ किंमत अमुक, आज रात्री बारापर्यंत नव्वद टक्के सूट. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच सूट, पुन्हा रात्री बारापर्यंत!

मी ती जाहिरात पाहिली आणि मला माझे कपाट आठवले. बी. ए. झाल्यावर नोकरी लागेपर्यंतच्या काळात मीही पोस्टाने इंग्रजी संभाषणाचा एक अभ्यासक्रम केला होता. मनीऑर्डर केली, चार पुस्तिका आल्या, शेवटी सोनेरी काठाचे प्रमाणपत्र आले. त्या सबंध काळात मी एका माणसाशीही इंग्रजीत एक वाक्य बोललो नव्हतो, आणि कुणी बोलायला सांगितलेही नव्हते. ते प्रमाणपत्र अजून आहे. कुठल्याही साहेबाने आजवर ते मागितलेले नाही.

असो. तर दोन दिवस आम्ही मामाभाची अंगणात खुर्च्या टाकून बसलो आणि ही भानगड समजून घेतली. जे कळले ते लिहितो, कारण गोव्यातही अशी मुले घरोघरी आहेत.

इंग्रजी शिकवण्याच्या सर्टिफिकेटांवर जगभर चालणारी अशी एकाच सरकारची मुद्रा नसते. कुणीही उठून कोर्स काढू शकतो, आणि त्याला मान्यता देणारी मंडळेही कुणीही काढू शकतो. या गर्दीत दोन नावे मात्र बहुतेक ठिकाणी ओळखली जातात. एक केंब्रिजचे सेल्टा. त्याचे मूळ जॉन हेक्राफ्ट यांनी १९६२ साली लंडनला सुरू केलेल्या शिक्षक-प्रशिक्षण वर्गात आहे. दुसरे लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचे सर्ट-टेसॉल. दोन्हींत निदान सहा तास खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभे राहून शिकवावे लागते, पाठीमागे प्रशिक्षक वही घेऊन बसलेला असतो, आणि तास संपल्यावर चुका तोंडावर सांगितल्या जातात. सेल्टाला शिवाय चार लेखी कामे, अनुभवी शिक्षकांच्या तासांचे निरीक्षण, आणि एकूण किमान १२० तासांचा अभ्यास. जाहिरातवाल्यांचा १२० हा आकडा कुठून उचलला असेल ते आता ध्यानात आले! आकडा घेतला आणि समोरचे विद्यार्थी वगळले. २०२० पासून सेल्टा संपूर्णपणे ऑनलाईनही करता येतो, पण तिथेही पडद्यापलीकडे जिवंत माणसे शिकायला बसलेली असतात. म्हणजे घरबसल्या असणे हा दोष नव्हे.

माझ्या कारकुनी बुद्धीला यातली एक गोष्ट फार पटली. या कोर्सांत नापास होता येते. ज्या परीक्षेत पैसे भरलेला प्रत्येक माणूस पास होतो ती परीक्षा नसून पावती असते. पावतीवर नोकरी कोण देणार?

आता पैशांचे. सेल्टाचे शुल्क लाखाच्या वर जाते. भावोजी उद्यमबागेत फाउंड्रीत आयुष्यभर राबले. त्यांनी आकडा ऐकला आणि काही न बोलता गोठ्याकडे गेले. हा खर्च करायचा तर त्याचे फळ काय हे आधी पाहायला नको का? इथेच गोम आहे. दक्षिण कोरिया इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा साधारणपणे सातच देशांच्या नागरिकांना देतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. चीनचा नियमही सर्वसाधारणपणे मूळ इंग्रजी भाषकच मागतो. म्हणजे सर्टिफिकेट केंब्रिजचे असो की आणखी कुणाचे, आधी पासपोर्टाचा रंग पाहणार. जाहिरातीत ही ओळ कुठेच नसते. उलट आखाती देशांतल्या सीबीएसईच्या भारतीय शाळांना या परदेशी सर्टिफिकेटांचे फारसे अप्रूप नाही, तिथे बी. एड. विचारतात. बी. एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले हे खरे, पण त्याला मरण नाही. आणि हैदराबादच्या इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठाचा दूरशिक्षणातला इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. ही संस्था १९५८ पासून इंग्रजीच्या शिक्षकांना शिकवते आहे. आपल्या मुलांना तिचे नाव माहीत नसते, कारण ती रात्री बारापर्यंत सूट देत नाही.

या 'मूळ भाषक' प्रकरणाचा मला मनस्वी राग येतो. आमच्या गोव्यात पोर्तुगीजचा एक शब्द न येणारी माणसे पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन ब्रेक्झिटपूर्वी इंग्लंडात स्विंडनला जाऊन स्थायिक झाली. पासपोर्ट आणि जीभ यांचा संबंध किती असतो हे गोवेकराला कुणी शिकवायला नको. रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ साली आपल्या ग्रंथात, मूळ भाषक हाच आदर्श शिक्षक, या समजाला चक्क भ्रम म्हटले. त्याला तीस वर्षे उलटून गेली, तरी व्हिसाचे नियम लिहिणाऱ्यांपर्यंत ते पोचलेले दिसत नाही. आणखी गंमत पाहा. या कोर्सांतून आज 'कृतीवर आधारित अध्यापन' म्हणून जे शिकवतात, त्याचा एक मोठा प्रयोग १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या शाळांत केला. त्याला जग 'बंगळूर प्रकल्प' म्हणून ओळखते. व्याकरण पाठ करून न घेता, नकाशे, वेळापत्रके यांसारखी कोडी सोडवायला देऊन त्यांनी इंग्रजी शिकवले. म्हणजे पद्धत आमच्याकडच्या वर्गात तयार झाली, आणि ती शिकवायला माणूस मात्र सात देशांतलाच हवा!

ट्रिनिटीच्या कोर्सात एक भाग असा आहे, की प्रशिक्षणार्थीला स्वतःला अजिबात न येणाऱ्या भाषेचे काही धडे घ्यावे लागतात. शिकणाऱ्याचे हाल काय होतात ते कळावे म्हणून. हे वाचल्यावर भाची हसली. "मामा, काय सांगालाय! आमचं बालपण त्यातच गेलं की." खरेच आहे. घरात मराठी, शाळेत कन्नड सक्तीचे, कॉलेजात इंग्रजी, तलाठ्याकडचा उतारा कन्नडात. बाबांचा कागद वाचून द्यायला ही सातवीत असल्यापासून जायची. २०२० च्या ऑगस्टात याच गावात पुतळ्यावरून मराठी-कन्नड वातावरण तापले होते. तेव्हाही घरातले दूध घालायला कन्नड शेजाऱ्याकडे हीच जात होती. भाषा न येणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो हे तिला कुणी चार तासांत शिकवण्याची गरज नाही. पण हे कुठल्या रकान्यात लिहायचे? अर्जात तसा रकाना नाही.

रकान्यांवरून आठवले. कोर्स निवडण्याआधी मी तिची कागदपत्रे मागितली, आणि जे भ्याले होते तेच निघाले. जन्मदाखल्यावर बेलगाम, पदवीवर बेळगावी, कारण १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचे अधिकृत नाव बदलले. गावाचे स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हांचे. आडनावात एक 'ए' जास्त. परदेशी नोकरीसाठी पदवीचे साक्षांकन लागते. आधी राज्य पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालयाकडे अपोस्टील. काही देशांना अपोस्टीलऐवजी मंत्रालयाचा आणि दूतावासाचा शिक्का. त्या रांगेत एक जास्तीचा 'ए' माणसाला सहा महिने मागे ढकलू शकतो. हे मी खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिलेले आहे. तेव्हा माझे मत असे पडले, की पहिला खर्च प्रतिज्ञापत्राचा करावा, आणि १२० तासांच्या कोर्सावर एक रुपयाही नाही. देश आधी ठरवावा, त्या देशाचा नियम वाचावा, मग कोर्स. आखात असेल तर बी. एड. व्हिएतनामसारखा पदवी आणि अध्यापनाचे प्रमाणपत्र मागणारा देश असेल तर पैसे साठवून सेल्टा.

ताईला हे पटले नाही. "दोन वर्षं बी. एड. करत बसली तर लग्नाचं काय?" तिचेही चुकत नाही, मी गप्प राहिलो.

भाचीने अजून काही ठरवलेले नाही. पण निघण्याच्या आदल्या संध्याकाळी उद्यमबागेतल्या मशीनशॉपमध्ये काम करणारी पाच पोरे अंगणात आली. दोघे मराठी, दोघे कन्नड, एक ओडिशाचा. फुकट शिकवणी. मला तिने मागे खुर्ची दिली, हातात वही दिली आणि म्हणाली, "चुका लिहा." तिने बसचे वेळापत्रक त्यांच्यासमोर टाकले आणि खानापूरला आठच्या आत कसे पोचायचे ते इंग्रजीत विचारले. ओडिशाचा पोरगा बराच वेळ बोटाने ओळी मोजत राहिला. ती थांबली. मी घड्याळ पाहिले, पाऊण मिनिट झाले, तरी ती मध्ये बोलली नाही. मग तो बोलला. वाक्य मोडके होते, पण बस बरोबर होती. वहीत मी काहीच लिहिले नव्हते.