उष्णतेची साक्ष देणारी शाई

विद्यार्थिमित्रहो, आपलें नाशिक द्राक्षांसाठीं जितकें प्रसिद्ध आहे, तितकेंच तें छापखान्यांसाठींहि आहे. १९२५ सालीं नाशिकरोड येथें सरकारी सुरक्षा छापखाना स्थापन झाला, आणि १९२८ पासून तेथें चलनी नोटाहि छापल्या जाऊं लागल्या. आज वडिलांची परवानगी घेऊन ५०० रुपयांची एक नोट हातीं धरून पाहा. तिच्यावर उजवीकडे खालीं छापलेला आंकडा समोरून हिरवा दिसतो, व नोट जराशी कलती केली कीं तोच निळा होतो. खोट्या नोटा करणारास हा पालट सहजासहजीं साधत नाहीं. रंग बदलणारी शाई पैशाची राखण करिते, ही गोष्ट नाशिककरांस अशी घरचीच आहे.

नोटेवरील हा रंग पाहण्याचा कोन बदलल्यानें पालटतो. उष्णतेशीं त्याचा संबंध नाहीं. उष्णतेनें रंग पालटणारी शाई निराळी, आणि तिच्याविषयींच आज चार शब्द लिहावयाचे आहेत. पैशाच्या रक्षणासाठीं जी कला आपण इतक्या निगुतीनें वापरतों, तिची बहीण शोभेल अशी ही दुसरी कला औषधांच्या रक्षणासाठीं अधिक सढळपणें वापरली गेली पाहिजे, असें माझें म्हणणें आहे.

या कलेचा एक उगम द्रवस्फटिकांत आहे. १८८८ सालीं प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश राइनित्सर हे कोलेस्टेरॉलपासून तयार केलेला एक पदार्थ तापवीत असतां त्यांस असें आढळलें कीं, तो १४५.५ अंशांवर वितळून गढूळ द्रव होतो, आणि १७८.५ अंशांवर तो गढूळपणा जाऊन द्रव स्वच्छ होतो. एकाच पदार्थास वितळण्याचे दोन बिंदु कसे? जर्मन शास्त्रज्ञ ओटो लेमान यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं त्याचा अभ्यास केला, तेव्हां दिसून आलें कीं, मधल्या अवस्थेंत तो पदार्थ द्रवासारखा वाहतो, आणि तरीहि त्याच्या रेणूंत स्फटिकासारखी शिस्त असते. आपल्या देशांतहि या शास्त्रांत मोलाची भर पडली आहे. १९७७ सालीं बंगळूर येथील रामन संशोधन संस्थेंत शिवरामकृष्ण चंद्रशेखर व त्यांचे सहकारी यांनीं तबकडीच्या आकाराच्या रेणूंपासून होणारा द्रवस्फटिकांचा एक नवाच प्रकार शोधून काढला.

रंग दाखविणाऱ्या द्रवस्फटिकांत रेणूंची रचना गोल जिन्यासारखी असते. प्रत्येक पायरी खालच्या पायरीपेक्षां किंचित् वळलेली. या जिन्याचा एक वेढा प्रकाशलहरीच्या लांबीशीं जुळला म्हणजे तेवढाच रंग परत फिरतो. उष्णता वाढली कीं वेढा आवळतो, आणि तांबडा रंग जाऊन हिरवा, हिरवा जाऊन निळा दिसूं लागतो. हा द्रव सूक्ष्म कोशांत कोंडून त्याची शाई करितात व ती स्क्रीन प्रिंटिंगच्या रीतीनें काळ्या पार्श्वभूमीवर छापतात. कारण उरलेला प्रकाश काळ्या रंगानें गिळून टाकला तरच परतलेला रंग उठून दिसतो. माशांच्या कांचेच्या टांकीस बाहेरून चिकटविलेली, पाण्याचें तपमान दाखविणारी पट्टी, किंवा तापकरी मुलाच्या कपाळावर ठेवावयाची पट्टी तुमच्यापैकीं कित्येकांनीं पाहिली असेल. ती याच शाईची करामत.

ही शाई मोठी चतुर खरी, पण तिला स्मरण नाहीं. कपाळ निवालें कीं पट्टीवरील रंगहि मागें येतो, आणि मघाशीं काय झालें होतें याची खूणसुद्धां उरत नाहीं. ताप मोजण्यास हाच गुण उपयोगी पडतो. परंतु औषधाच्या कुपीवर ती छापली तर काय होईल? दुपारभर उन्हांत राहिलेली कुपी सायंकाळीं फ्रिजमध्यें ठेवली कीं रंग पूर्ववत्, आणि औषध मात्र बिघडलेलें! तेथें पाहिजे ती शाई अशी कीं, जी एकदां पालटली म्हणजे मागें फिरत नाहीं, आणि आजवर किती उष्णता सोसली याचा हिशेब राखून ठेविते.

निसर्गानें हा धडा आपल्या द्राक्षांतच घालून दिला आहे. निफाड-दिंडोरीकडील जाणता माणूस घड हातीं घेतो तेव्हां मण्यांबरोबर देठहि निरखून पाहतो. तोडलेला घड उन्हांत पडून राहिला तर देठ वाळून तपकिरी होतो; मागाहून त्यास कितीहि थंडाव्यांत ठेवा, तो पुनः हिरवा होत नाहीं.

अशीच खूण माणसानेंहि छापली आहे. १९९६ सालापासून पोलिओच्या तोंडावाटे द्यावयाच्या लशीच्या कुपीवर एक लहानसें वर्तुळ व त्याच्या मध्यभागीं एक चौकोन येऊं लागला. व्हॅक्सीन व्हायल मॉनिटर असें तिचें इंग्रजी नांव. आरंभीं चौकोन वर्तुळापेक्षां फिका असतो. जितकी उष्णता व जितका वेळ, त्या मानानें तो गडद होत जातो. त्याचा रंग वर्तुळाच्या रंगास भिडला कीं ती कुपी वापरावयाची नाहीं. यांत द्रवस्फटिक नसून निराळें रसायन असतें. त्याचे रेणू उष्णतेनें एकमेकांस सांखळीसारखे जोडले जातात, आणि तो जोड पुनः सुटत नाहीं. पोलिओच्या नाजुक लशीवरील खूण ३७ अंशांत सुमारें दोन दिवसांत हद्दीस पोंचते. अधिक टिकाऊ लशींवरील खुणा त्याच उष्णतेंत ३० दिवसांपर्यंत टिकतील अशाहि केलेल्या असतात.

सुरगाणा-पेठच्या डोंगरांतील एखाद्या पाड्यावर लस घेऊन जाणाऱ्या परिचारिकेजवळ प्रयोगशाळा नसते. तिच्याजवळ हा चौकोन असतो. १३ जानेवारी २०११ नंतर भारतांत नैसर्गिक पोलिओ-विषाणूचा रुग्ण आढळलेला नाहीं, आणि २७ मार्च २०१४ रोजीं आपला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. हें यश लाखों हातांचें आहे. तरी त्या हातांना धीर देण्यांत या चिमुकल्या खुणेचाहि वांटा आहे.

आतां घरांतील एक गोष्ट सांगतों. माझ्या मावशीस पुष्कळ वर्षांपासून मधुमेह आहे. एका वैशाखांत, पारा चाळिशीपलीकडे गेला असतां, तिच्यासाठीं इन्सुलिनच्या कुप्या आणल्या. हातीं आल्या तेव्हां त्या गार होत्या, आणि मुदतीची तारीखहि दूर होती. पुढें पंधरा दिवस नेहमींच्या मात्रेनें साखर उतरेना. मागाहून कळलें कीं, जेथून त्या आणल्या तेथें आदल्या दोन दिवसांत वीज बराच वेळ गेलेली होती. दोष औषधाचा कीं पथ्याचा, हें डॉक्टरांसहि निश्चयानें सांगतां येईना. कुपी मुकी होती. तिच्यावर कसलीच खूण नव्हती. अखेर त्या कुप्या टाकून नव्या आणल्या. टाकलेल्या कुप्या चांगल्या असतील तर पैसा वायां गेला, आणि बिघडलेल्या असतील तर पंधरा दिवस मावशीच्या देहानें त्याची किंमत दिली.

वेष्टनावरील तारीख हें एक वचन आहे, आणि सांगितलेल्या तपमानांत औषध ठेवलें गेलें तरच तें वचन खरें. अट पाळली गेली कीं नाहीं हें घेणारास कळण्याचा मार्गच नसेल, तर त्या वचनावर विसंबावें तरी कसें? म्हणून लशीच्या कुपीवर जी खूण असते, ती इन्सुलिनसारख्या उष्णतेनें बिघडणाऱ्या प्रत्येक औषधावर असावी, आणि कायद्यानेंच तसें बंधन घालावें, असें मला वाटतें.

यावर आक्षेप येतील. खुणेस खर्च पडेल, असें कोणी म्हणेल. पडेल खरा, परंतु वीज गेली एवढ्याच शंकेनें चांगल्या कुप्या फेकून देण्याचें जें नुकसान होतें, तेंहि या खुणेनेंच टळतें. दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. इन्सुलिन जसें उष्णतेनें बिघडतें, तसें तें गोठल्यानेंहि बिघडतें, आणि हा चौकोन गोठल्याची साक्ष देत नाहीं. हें मान्य केलेंच पाहिजे. पण एका चोराची चाहूल देणारा राखणदार दुसऱ्यास ओळखत नाहीं, एवढ्यावरून त्यास घालवून देणें शहाणपणाचें नव्हे. दुसऱ्यासाठीं दुसरा नेमावा. तिसरा आक्षेप असा कीं, सामान्य माणसास अशा खुणा वाचतां येणार नाहींत. त्यास उत्तर पाड्यावरच्या त्या परिचारिकेनें केव्हांच दिलें आहे. फिका चौकोन व गडद चौकोन यांतील भेद ओळखण्यास अक्षरओळखहि लागत नाहीं.

पालकांस माझी विनंति अशी कीं, थंडाव्यांत ठेवावयाचें औषध घेतांना तारीख तर पाहावीच, पण तें कसें ठेवलें होतें हेंहि दुकानदारास निःसंकोच विचारावें, आणि घरीं आणतांना तें उन्हांत उभ्या असलेल्या मोटारींत विसरूं नये. आणि विद्यार्थिमित्रहो, पुढच्या पोलिओ रविवारीं धाकट्या भावंडास केंद्रावर न्याल, तेव्हां तेथील ताईंना विनयानें विचारून तो चौकोन एकदां पाहा, आणि घरीं येऊन आजीआजोबांना त्याचा अर्थ सांगा. मागणारे वाढले म्हणजे देणारे देतात. पैशाची पारख करण्यासाठीं ज्या गांवांत शाई छापली जाते, त्या गांवच्या मुलांनीं औषधाच्या पारखेची शाई मागावी, हें त्यांस शोभण्यासारखेंच आहे.