घरातील निवृत्ती

महाराष्ट्र शासनाचा कारकून वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. घरातील त्याची निवृत्ती मात्र आणखी काही वर्षांनी आणि कोणत्याही लेखी आदेशावाचून होते. प्रथम दूध आणण्याचे काम जाते, मग भाजीची पिशवी, शेवटी विजेचे बिल. ते आता मुलगा मोबाइलवरून भरतो. 'तुम्ही आता स्वस्थ बसा', हे म्हणणे मायेचेच असते. परंतु त्या पिशवीबरोबर सकाळचे चालणे जाते, भाजीवाल्याशी होणारी घासाघीस जाते आणि मेथीची जुडी पारखून घेण्याचा अधिकारही जातो. गृहिणीला निवृत्ती नसते असे म्हणतात. तेही खरे नाही. मिसळणाच्या डब्याची जागा तिला न विचारता बदलली, की तिला काय समजायचे ते समजते!

२००७ च्या कायद्याने वृद्ध मातापित्यांचे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांची जबाबदारी अपत्यांवर टाकली, हे योग्यच झाले. कामाची तरतूद कोणताही कायदा करणार नाही. ती घरानेच करावयाची आहे. आजोबांनी आणलेली भेंडी एखादे दिवशी जून निघेल. दुसऱ्या दिवशी पिशवी त्यांच्याच हाती द्यावी.