ताटावरून माणूस ओळखू नका

दोन वर्षांपासून मी मांस, अंडी, दूध जवळपास सोडलं आहे. तब्येतीसाठी सुरू केलं, मग सवय झाली. बकरीदला कुर्बानीचा घास तेवढा घेते. नातेवाईक विचारतात, "मुसलमान असून हे काय?" ओळखीतल्या एक बाई कौतुकानं म्हणाल्या, "मॅडम, आता तुम्ही आमच्यातल्या झालात." मला ते कौतुकच जास्त लागलं. मग आधी मी कोणाची होते?

माझ्या ताटात नवीन काहीच नाही. राजुरा पूर्वी हैदराबाद संस्थानात होतं. अम्मी चिंचेची खट्टी दाळ करायची, शेंगदाणे-तीळ-खोबरं वाटून बघारे बैंगन करायची. शेजारून अंबाडीची भाजी, जवसाची चटणी यायची. गोश्त पाहुणे आले तरच. बाहेर खायचं तर मला स्टँडजवळची तर्री-पोह्याची गाडी आवडते. पोह्यांवर चण्याची झणझणीत तर्री, वरून कांदा. तिथं "तूप नको, दही नको" सांगावंच लागत नाही.

मी काय खावं, हे माझ्या तब्येतीनं ठरवलं. त्यावरून मला कमी मुसलमान ठरवू नका, आणि जास्त चांगली शेजारीणही. कबाब खाणारी माझी बहीणही तुमचीच आहे.