विकतचे शहाणपण

सोनीने अखेर बंजीचा हिशेब मांडला. नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या तिमाही निकालांत या अमेरिकी गेम स्टुडिओपोटी ३१.५ अब्ज येन, म्हणजे सुमारे १,८०० कोटी रुपये, निर्लेखित करण्याची वेळ या कंपनीवर आली. बंजीच्या ‘डेस्टिनी २’ या खेळाची विक्री आणि त्यावरचा खेळाडूंचा वावर खरेदीच्या वेळी बांधलेल्या अंदाजांइतका भरला नाही, हे त्यामागचे कारण. हे अंदाज बांधले गेले तेव्हा प्लेस्टेशनची सूत्रे जिम रायन यांच्याकडे होती. ते मार्च २०२४ मध्ये निवृत्त झाले. बंजीचे प्रमुख पीट पार्सन्स यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये खुर्ची सोडली. दोघेही सन्मानाने गेले. नारळ मिळाला तो ज्यांनी अंदाज बांधलेच नव्हते त्यांना. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे १०० आणि जुलै २०२४ मध्ये आणखी २२० जणांना.

या व्यवहाराची एक बाब विसरली जाता कामा नये. जानेवारी २०२२ मध्ये सोनीने बंजीसाठी ३.६ अब्ज डॉलर मोजण्याचे जाहीर केले, त्यातील १.२ अब्ज डॉलर हे कर्मचाऱ्यांनी सोडून जाऊ नये यासाठी राखून ठेवलेले होते. म्हणजे एक तृतीयांश रक्कम माणसे टिकावीत म्हणून. आणि दोन वर्षांच्या आत त्याच माणसांना घरी पाठवण्यास सुरुवात. माणसे टिकवण्यासाठी इतका पैसा ओतून ती इतक्या वेगाने घालवण्याचा असा पराक्रम या उद्योगातही सहसा दिसत नाही.

तरीही निकालांची शाई वाळण्याआधीच पुढच्या खरेदीच्या याद्या सुरू झाल्या. सोनीने फ्रॉमसॉफ्टवेअर घ्यावे, स्क्वेअर एनिक्स घ्यावे, कॅपकॉम घ्यावे, कोजिमा प्रॉडक्शन्स घ्यावे, फ्रान्सचे सँडफॉल तर लगेचच घ्यावे. सप्टेंबर २०२५ अखेर सौदी अरेबियाचा सार्वजनिक गुंतवणूक निधी, सिल्व्हर लेक आणि जॅरेड कुशनर यांची अ‍ॅफिनिटी पार्टनर्स या त्रिकुटाने ५५ अब्ज डॉलरना इलेक्ट्रॉनिक आर्ट्स घेण्याचा करार केल्यापासून तर या मंडळींना धीरच उरलेला नाही. बाजार उठत चालला आहे, उरलेसुरले पटकन पदरात पाडून घ्या, असा एकंदर सूर. हा सूर गुंतवणूकदार लावतात, विश्लेषक लावतात आणि ज्यांच्या खिशातून अखेर हा पैसा जायचा ते खेळाडूही हौसेने त्यात आवाज मिसळतात.

या सर्वांनी सोनीचेच जुने दप्तर उघडून पाहावे. कन्सोलवाल्याने कोणता स्टुडिओ घ्यावा या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे. ज्याच्याबरोबर वर्षानुवर्षे काम केले आहे आणि ज्याच्या कामाची पद्धत, उणिवा आणि माणसे ठाऊक आहेत, असाच स्टुडिओ घ्यावा. बाकी कोणताही नाही, मग तो कितीही नावाजलेला असो.

इन्सोम्नियाक घ्या. हा कॅलिफोर्नियातील स्टुडिओ १९९६ पासून प्लेस्टेशनसाठी खेळ बनवत होता. ‘स्पायरो’, ‘रॅचेट अँड क्लँक’, ‘रेझिस्टन्स’ आणि २०१८ चा ‘स्पायडर-मॅन’. मधल्या काळात त्याने मायक्रोसॉफ्टसाठीही एक खेळ करून पाहिला. सोनीने तो विकत घेतला २०१९ मध्ये, ओळखीच्या तेवीस वर्षांनंतर. किंमत २४.९ अब्ज येन, म्हणजे २२.९ कोटी डॉलर. येनमध्ये मोजल्यास बंजीपोटी निर्लेखित झालेला आकडा याहून मोठा आहे. अख्ख्या इन्सोम्नियाकच्या किमतीहून अधिक रक्कम सोनीने एका तिमाहीत पाण्यात सोडली.

सकर पंचचेही तेच. ‘स्लाय कूपर’ २००२ चा, ‘इन्फेमस’ २००९ चा, आणि खरेदी २०११ मध्ये. त्याच सकर पंचचा ‘घोस्ट ऑफ योतेई’ ऑक्टोबर २०२५ मध्ये आला आणि पहिल्या महिन्यातच त्याच्या ३३ लाख प्रती खपल्या. हा आकडाही बंजीच्या खड्ड्याबरोबर याच निकालांत प्रसिद्ध झाला आहे. एका कागदावर दोन्ही धडे असताना पुढच्या खरेदीसाठी नवा सल्लागार कशाला हवा?

नेदरलँड्समधील गुरिलाचे उदाहरण तर अधिक बोलके. २००४ मध्ये ‘किलझोन’, २००५ मध्ये खरेदी आणि ज्या खेळाने या स्टुडिओचे नाव घरोघरी पोहोचले तो ‘होरायझन’ २०१७ मध्ये. मध्ये बारा वर्षे गेली. आजच्या कोणत्या वित्त अधिकाऱ्याला बारा वर्षे थांबता येईल? बंजीला तर साडेतीन वर्षेही मिळाली नाहीत.

आणि बंजी घेताना ओळख म्हणावी तर ती कसली होती? या स्टुडिओला मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये घेतले, ‘हेलो’च्या बळावर एक्सबॉक्स उभा राहिला आणि २००७ मध्ये बंजी बाहेर पडला. मग २०१० मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनशी करार आणि २०१९ मध्ये तोही संपुष्टात. दोन बलाढ्य भागीदारांना ज्याने रामराम ठोकला, त्याला तिसऱ्याने स्वायत्ततेचे आश्वासन देऊन दुप्पट उत्साहाने जवळ केले. सोनीला हवा होता तो बंजीचा अनुभव. एकच खेळ वर्षानुवर्षे चालवायचा आणि खेळाडूंकडून सतत पैसे घेत राहायचे, ही ‘लाइव्ह सर्व्हिस’ नावाची विद्या. मार्च २०२६ पर्यंत असे बारा खेळ आणण्याचा सोनीचा संकल्प होता. ही विद्या घरी शिकायला वेळ लागला असता म्हणून ती विकत आणली.

पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. बाराचे सहा झाले. बंजीच्या परीक्षणानंतर नॉटी डॉगचा ‘द लास्ट ऑफ अस’वर आधारित ऑनलाइन खेळ बासनात गेल्याचे वृत्त आले. एप्रिल २०२३ मध्ये घेतलेल्या फायरवॉक स्टुडिओचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला बाजारात आला आणि ६ सप्टेंबरला मागे घेतला गेला. त्याच ऑक्टोबरात स्टुडिओही बंद. बंजीचा स्वतःचा ‘मॅरेथॉन’ दुसऱ्या चित्रकाराची कलाकृती परवानगीशिवाय वापरल्याच्या वादात सापडला आणि ठरलेल्या तारखेला आलाच नाही.

या सगळ्या धामधुमीत सोनीचा एकच लाइव्ह सर्व्हिस खेळ तुफान चालला. तो ‘हेलडायव्हर्स २’. बारा आठवड्यांत त्याच्या १ कोटी २० लाख प्रती गेल्या. तो बनवला स्टॉकहोमच्या अ‍ॅरोहेडने, आणि अ‍ॅरोहेड सोनीच्या मालकीचा नाही. म्हणजे ज्याला अब्जावधी देऊन विद्या आणली त्याने हात टेकले आणि ज्याला विकत घेतलेच नाही त्याने लाज राखली. याउपर ‘आता अ‍ॅरोहेडही घ्या’ असे सुचवणारे आहेतच. त्यांच्यापुढे कोणी काय बोलावे?

थट्टेची परिसीमा मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये झाली. मायक्रोसॉफ्टने २००१ चा मूळ ‘हेलो’ नव्या रूपात २०२६ मध्ये प्लेस्टेशनवर आणण्याची घोषणा केली. ज्या खेळाने बंजीचे नाव झाले, तो सोनीच्या दारात आपल्या पायांनी चालत आला. एकही डॉलर खर्च न करता.

यावरून मायक्रोसॉफ्ट शहाणी ठरते असे मुळीच नाही. खोगीरभरतीत तिचा हात धरणारा कोणी नाही. बेथेस्डाची मातृसंस्था झेनिमॅक्स साडेसात अब्ज डॉलरना आणि अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ६८.७ अब्जांना. हा दुसरा व्यवहार ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाला आणि सुमारे तीन महिन्यांत १,९०० जणांची गच्छंती. मे २०२४ मध्ये टँगो गेमवर्क्स आणि अर्केन ऑस्टिन बंद. जुलै २०२५ मध्ये ९,००० च्या आसपास कर्मचारी कमी केले तेव्हा खेळांच्या विभागालाही झळ बसली. ‘परफेक्ट डार्क’ रद्द, तो बनवणारा द इनिशिएटिव्ह स्टुडिओ बंद, ‘एव्हरवाइल्ड’ रद्द. हा ‘एव्हरवाइल्ड’ रेअरचा, २००२ मध्ये ३७.५ कोटी डॉलर देऊन घेतलेल्या स्टुडिओचा. त्यावर कडी म्हणजे ऑक्टोबर २०२५ मध्ये गेम पासच्या सर्वांत वरच्या श्रेणीची अमेरिकेतील मासिक वर्गणी २० वरून थेट ३० डॉलर. खरेदीचा हर्ष कंपनीचा आणि हप्ता ग्राहकाचा, हा न्याय सत्या नाडेला यांच्या हिशेबवहीत कदाचित बसत असेल. ग्राहकाच्या वहीत तो बसत नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या व्यवहारात तर २० अब्ज डॉलर कर्जाचे आहेत. ते कोण फेडणार याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

तीन कन्सोलवाल्यांत या खरेदीज्वराची लागण न झालेली निन्टेन्डो तेवढी उरते. तिने २०२२ मध्ये एसआरडी नावाची कंपनी घेतली तेव्हा जगाच्या पाठीवर फारसे कोणी दखलही घेतली नाही. निन्टेन्डोच्या खेळांचे प्रोग्रामिंग ही कंपनी १९८० च्या दशकापासून करत आली होती आणि तिचे लोक क्योटोत निन्टेन्डोच्याच इमारतीत बसत. आधी चाळीस वर्षांचा संसार, मग लग्न! २००७ मध्ये बांदाई नामकोकडून घेतलेल्या मोनोलिथ सॉफ्टने पुढे ‘झेल्डा’च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ला हातभार लावला. व्हँकूव्हरचा नेक्स्ट लेव्हल गेम्स २०२१ मध्ये घेतला तोही ‘लुइजीज मॅन्शन ३’ करून झाल्यावर. यांपैकी एकाही खरेदीने मथळे गाजवले नाहीत.

तेव्हा याद्यांकडे येऊ. फ्रॉमसॉफ्टवेअर? त्याच्या मालक कादोकावामध्ये सोनीचा सुमारे १० टक्के हिस्सा आहे आणि थेट फ्रॉमसॉफ्टवेअरमध्येही तिची गुंतवणूक आहे. एवढे असून त्याचा ‘द डस्कब्लड्स’ निन्टेन्डोच्या स्विच २ साठी आहे. बिघडले काय? ‘एल्डन रिंग’ प्लेस्टेशनवर खपतोच आहे. कोजिमा? ती संस्थेची नव्हे, एका माणसाची खरेदी ठरेल आणि त्यांनी साठी ओलांडली आहे. सँडफॉलने जेमतेम तीसेक जणांच्या गाभ्यावर ‘एक्स्पेडिशन ३३’ उभा केला आणि सहा महिन्यांत ५० लाख प्रती विकल्या. मोठ्या कंपनीच्या बैठका, मंजुऱ्या आणि तिमाही लक्ष्ये यांपासून दूर राहिल्यामुळेच हे जमले, हे ज्याला दिसत नाही त्याने त्या स्टुडिओच्या जवळपासही फिरकू नये.

खरेदी करायचीच होती तर ती टँगोची. शिंजी मिकामी यांनी टोकियोत उभारलेला हा स्टुडिओ. त्याचा ‘घोस्टवायर: टोकियो’ २०२२ मध्ये कन्सोलपैकी आधी फक्त प्लेस्टेशन ५ वर आला होता. म्हणजे सोनीची त्याच्याशी ओळख होती. ‘हाय-फाय रश’चे कौतुक तर जगाने केले. आणि २०२१ मध्ये स्वतःचा जपान स्टुडिओ मोडीत काढलेल्या सोनीला मायदेशात माणसांची गरजही होती. मायक्रोसॉफ्टने टँगोला वाऱ्यावर सोडले तेव्हा त्याला आसरा दिला तो दक्षिण कोरियाच्या क्राफ्टॉनने. आपल्याकडे गल्लोगल्ली खेळल्या जाणाऱ्या ‘बीजीएमआय’वाल्या आणि पुण्याच्या नॉटिलस मोबाइलची बहुसंख्य मालकी २०२५ मध्ये घेतलेल्या त्याच क्राफ्टॉनने. ती कंपनीही साव आहे अशातला भाग नाही. ‘सबनॉटिका’वाल्या स्टुडिओच्या धुरिणांना काढल्यावरून तिला न्यायालयात उभे राहावे लागले. पण टँगोबाबत तिला जे सुचले ते शेजारच्या सोनीला सुचू नये, हे नवलच.

मागे फिरण्याचे वा हात आखडता घेण्याचे शहाणपण सोनीला नाही असे म्हणावे तर तेही खरे नाही. झी समूहाबरोबरचे दहा अब्ज डॉलरचे विलीनीकरण याच उद्योगसमूहाने जानेवारी २०२४ मध्ये, दोन वर्षांच्या वाटाघाटींनंतर मोडले. भारतातील खेळांच्या बाबतीतही तिची चाल योग्य आहे. ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’मधून ती मुंबईच्या अंडरडॉग्स स्टुडिओच्या ‘मुक्ती’सारख्या खेळांना पाठबळ देते, मालकी मागत नाही. मुंबईतील लहानग्या चमूला जो सबुरीचा निकष लावला जातो तोच वॉशिंग्टन राज्यातील बंजीला लावला असता तर ही नामुष्की टळली असती.

राहता राहिला ब्लूपॉइंट. ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ आणि ‘डीमन्स सोल्स’ या जुन्या खेळांना ज्याने नवा जन्म दिला, तो टेक्सासचा हा स्टुडिओ सोनीने २०२१ मध्ये घेतला. ही खरेदी उत्तम होती. मग त्यालाही लाइव्ह सर्व्हिसच्या घाण्याला जुंपले गेले आणि त्याचा असा खेळ जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. खरेदीपासून २०२६ मध्ये बंद होईपर्यंत ब्लूपॉइंटच्या नावावर त्याचा स्वतःचा एकही खेळ आला नाही. सोनीच्या स्टुडिओंचा कारभार पाहणारे हर्मन हल्स्ट हे गुरिलाच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या स्टुडिओला सोनीने बारा वर्षे दिली होती. त्यांनी ब्लूपॉइंटला त्याचे मूळ काम परत द्यायला हवे होते. आता निदान बंजीत उरलेल्यांच्या नोकऱ्यांची हमी द्यावी आणि तोवर खरेदीचा एकही प्रस्ताव टोकियोला पाठवू नये. सप्टेंबर २०२५ अखेरपर्यंतच ८ कोटी ४२ लाख प्लेस्टेशन ५ विकल्या गेलेल्या कंपनीला याहून अधिक घाई करण्याचे काहीही कारण नाही.