निर्वासित कोण, घुसखोर कोण – आणि हे ठरवणार कोण?



जुलै २०२५ मध्ये आपल्या छत्तीसगढमधील कोंडागाव येथे बांधकामावर आलेल्या काही मजुरांना पोलिसांनी ताब्यात घेतले. मजूर पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातले. बांगला बोलतात, म्हणून बांगलादेशी असावेत हा संशय. त्यांच्या खासदार महुआ मोइत्रा यांनी, माणसांजवळ कागदपत्रे आहेत, त्यांना कशासाठी डांबता, अशी जाहीर ओरड केली, आणि मग ती माणसे सुटली.

ही बातमी सुपेला बाजारातल्या चहाच्या टपरीवर निघाली तेव्हा आमचे एक जुने साथी म्हणाले, "बरेच झाले. एकदा साफसफाई व्हायलाच हवी." हे साथी पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले, युनियनचे तीस वर्षांचे सभासद, संपात लाठ्या खाल्लेले. परक्याने हे म्हटले असते तर मी चहा पिऊन उठलो असतो. आपल्याच माणसाने म्हटले, म्हणून हा लेख.

कोंडागाव हे नाव बंगालीभाषक माणसाला नवे नाही. १९५८ साली केंद्र सरकारने दंडकारण्य प्रकल्प हाती घेतला. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना पश्चिम बंगालमध्ये जागा नाही असे ठरवून त्यांना बस्तर आणि कोरापुटच्या जंगलात वसवायचे, ही योजना. प्रकल्पाचे चार विभाग होते : उमरकोट, मलकानगिरी, परलकोट आणि चौथा हेच कोंडागाव! ज्या गावी सरकारने स्वतःच्या खर्चाने बंगाली माणूस आणून वसवला, त्याच गावी सरकारचे पोलीस आज बंगाली माणसाला विचारतात, तू इथे कसा?

ही माणसे आधी रायपूरजवळच्या माना छावणीत येत. १९६४ च्या दंगलींनंतर तर लोंढेच आले. छावणीत वर्षानुवर्षे राहायचे, मग ट्रकमध्ये बसून जंगलात जायचे. आयुष्य भातशेतीत आणि नद्यांत गेलेल्या शेतकऱ्याला माळाची कोरडी, खडकाळ जमीन दिली गेली. दंडकारण्य प्राधिकरणाचे अध्यक्ष राहिलेले सनदी अधिकारी सैबाल कुमार गुप्त यांनीच पद सोडल्यावर १९६५ साली 'इकॉनॉमिक वीकली'त या पुनर्वसनाचे वाभाडे काढले. विरोधकाने नव्हे, ज्याने कारभार पाहिला त्याने! आणि ही जमीन तरी कोणाची होती? गोंड-माडिया आदिवासींची. त्यांना कोणी विचारले नाही. बेघर झालेल्या एका गरिबाला दुसऱ्या गरिबाच्या अंगणात नेऊन सोडायचे आणि पुढे दोघे भांडले की मध्यस्थ म्हणून मिरवायचे, ही राज्यकर्त्यांची जुनी रीत आहे. आदिवासींची तक्रार खरी आहे. तिचा पत्ता मात्र दिल्ली-भोपाळचा आहे, निर्वासिताच्या झोपडीचा नाही.

मराठी वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दंडकारण्यात धाडलेले हे लोक बहुसंख्येने नामशूद्र, म्हणजे बंगालचे दलित शेतकरी. १९४६ साली मुंबईतून घटना समितीची वाट बंद झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर बंगाल विधिमंडळातून निवडून गेले. त्यामागे जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांचा नामशूद्र समाज उभा होता. पुढे मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि १९५० साली राजीनामा देऊन भारतात परतले. त्यांच्याच समाजाची माणसे आज चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत, परलकोटच्या पखांजूरमध्ये राहतात. पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत मोडणाऱ्या या समाजाला महाराष्ट्रात तो दर्जा नाही. राज्याची सीमा ओलांडली की जात तीच राहते, सवलत तेवढी गळून पडते.

आता नेत्यांकडे वळू, आणि सुरुवात आपल्या डाव्या घरापासूनच करू. दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवणे सोपे असते.

विरोधी पक्षात असताना बंगालच्या डाव्या नेत्यांनी, निर्वासितांना बंगालमध्येच वसवा, अशी मागणी लावून धरली होती. १९७७ साली डावी आघाडी सत्तेवर आली. दंडकारण्यातल्या लोकांना वाटले, आता आपले सरकार आले. १९७८ साली लाखाच्या घरात माणसे बाडबिस्तरा घेऊन निघाली. बहुतेकांना वाटेतून परत पाठवले गेले. सुमारे तीस हजार लोक सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर पोचले, त्यांनी सरकारकडे पैसा न मागता बांध घातले, विहिरी खणल्या, शाळा काढली. जानेवारी १९७९ मध्ये ज्योती बसू सरकारने बेटाची नाकेबंदी केली, अन्नपाणी तोडले. ३१ जानेवारीला गोळीबार झाला. मे महिन्यात बेट रिकामे करून लोकांना परत दंडकारण्यात रवाना केले. गोळीबारात दोन माणसे मेली असे सरकार म्हणाले. वाचलेले लोक शेकड्यांचा आकडा सांगतात. निष्पक्ष चौकशी कधी झाली नाही. कारण दिले गेले वनसंरक्षणाचे. दिल्लीत तेव्हा मोरारजी देसाईंचे जनता सरकार होते, तेही गप्प बसले. कामगारांचे राज्य म्हणवणाऱ्या सरकारने हे केले, आणि आमच्यासारख्यांनी त्या वेळी त्यावर एक ठरावही केला नाही. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिले नाही तर पुढचे काहीही लिहिण्याचा हक्क राहत नाही.

जुलै १९९८ मध्ये महाराष्ट्रात शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते. मुंबईतल्या बंगाली जरीकामगारांना बांगलादेशी ठरवून पोलिसांनी आगगाडीत बसवले. गाडी उलुबेरिया स्टेशनात आली तेव्हा तिथल्या लोकांनी ती अडवून त्यांना सोडवले. त्या वेळी बंगालचे हेच डावे सरकार, आमच्या नागरिकांना हाकलता कसे, म्हणून संतापले. संताप योग्यच होता. फक्त १९७९ साली तो कुठे होता, असे मरीचझापीच्या माणसाने विचारले तर आपल्याजवळ उत्तर नाही.

आणि आजचे राज्यकर्ते? डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली, मार्च २०२४ मध्ये तिचे नियम आले. अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चनांना नागरिकत्वाची वाट. मुसलमानाला नाही. श्रीलंकेच्या तमिळ हिंदूला नाही, म्यानमारच्या रोहिंग्याला नाही, पाकिस्तानात छळ सोसणाऱ्या अहमदियाला नाही. छळ हा निकष असता तर यादी अशी झाली नसती. हा निकष धर्माचा आणि मतपेटीचा आहे. दुसऱ्या हाताने २०२५ साली राज्याराज्यांत झडत्या सुरू झाल्या. मुंबईतून उचललेल्या बंगालच्या मजुरांना सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीयच आहेत हे कळल्यावर जून महिन्यात परत आणावे लागले. चुकीची माफी कोणी मागितल्याचे मी तरी वाचले नाही.

हे सारे शक्य होते, कारण आपल्या देशात आश्रय मागणाऱ्याविषयी कायदाच नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. तिबेटी आले, तर त्यांना आमच्याच राज्यात मैनपाटला जमीन मिळाली. चांगलेच झाले. १९७१ साली सुमारे एक कोटी माणसे आली, तेव्हा देशाने पाच पैशांचे जादा तिकीट प्रत्येक पत्राला लावून त्यांना जगवले. त्या तिकिटाबद्दल कुरकुरणारा माणूस आमच्या वसाहतीत मला आठवत नाही. पण हे सारे सरकारच्या मर्जीने. मर्जी फिरली की १९४६ चा परकीय नागरिक कायदा होता, आता त्याजागी २०२५ चा नवा कायदा आहे. आपण परके नाही हे सिद्ध करण्याचे ओझे मात्र दोन्हींत त्याच माणसाच्या डोक्यावर. १९९६ साली चकमांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जगण्याचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे. शशी थरूर यांनी २०१५ साली आश्रयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले, ते कायदा झाले नाही. ज्यांना मर्जीचे राज्य चालवायचे आहे त्यांना कायदा नकोच असतो.

आमच्या त्या साथींचा मुद्दा राहिला : "आपल्याच पोरांना नोकऱ्या नाहीत." खरे आहे. भिलाईच्या कारखान्यात एके काळी पन्नास हजारांवर कायम कामगार होते, आज ते वीस हजारांच्याही खाली आहेत. ती कामे कोणा बांगलादेशीने नेली? ती ठेकेदारीत गेली, आणि ठेकेदारी आणणारी धोरणे संसदेत व मंत्रालयांत ठरली. माझे वडील १९५७ साली भंडारा जिल्ह्यातून इथे आले, साथींचे वडील बिहारमधून. दोघांनाही स्थानिक लोक 'परदेसिया' म्हणत.

गेल्या वर्षी एका ठेकेदाराकडे मालद्याचे आठ-दहा मजूर भरावावर होते. त्यांना ठेवताना कोणी कागद पाहिला नाही. दोन महिन्यांची मजुरी थकली, त्यांनी ती मागितली, आणि मुकादमाने विचारले, "आधी आधार दाखवा, मग पोलिसांकडेच जाऊ." आधार होते. तरी ते रात्रीतून निघून गेले, मजुरी सोडून. त्याच कामावर दुर्गचे जे मजूर होते, त्यांचा दर पुढच्या महिन्यात वाढायचा होता, तो वाढला नाही. भीती एकाच्या पोटात घातली आणि मजुरी दोघांची कापली.

म्हणून येत्या जिल्हा समितीच्या बैठकीत मी तीन ओळींचा ठराव मांडणार आहे. ठेका कामगार कोणत्याही भाषेचा असो, त्याची थकीत मजुरी मागायला युनियन जाईल. पडताळणीच्या नावाखाली कोणाला उचलले तर युनियनचा वकील त्याच दिवशी ठाण्यात जाईल. आणि धर्म न पाहणारा आश्रयाचा कायदा करावा, ही मागणी महासंघाच्या मागणीपत्रात जाईल. ठरावाला अनुमोदक हवा आहे. टपरीवरच्या साथींना मी विचारले आहे. ते म्हणाले, वाचून सांगतो.