मागोवा आणि माग काढणारे

मराठी समीक्षेत 'मागोवा' हा शब्द अतिशय रुळलेला आहे. चर्चासत्रातील निम्म्या निबंधांच्या शीर्षकांत तो असतो. कवितेचा मागोवा, प्रवाहाचा मागोवा, दशकाचा मागोवा. काही वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गात मी या शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा बहुतेकांनी 'आढावा' असे उत्तर दिले. तलासरीकडचा एक वारली विद्यार्थी मात्र म्हणाला, "सर, मागोवा आमचा आजा घ्यायचा. रानात." एवढे बोलून त्याने मान खाली घातली. आपण वर्गात काही गुन्हा कबूल केला, असे त्याला वाटले असावे. त्याचे उत्तर वर्गातले सर्वांत अचूक उत्तर होते, आणि तरीही त्याला ते लपवावेसे वाटले. प्रस्तुत टिपण या विसंगतीविषयी आहे.

आधी शब्दाकडे पाहू. मागोव्यातला 'माग' संस्कृत 'मार्गा'तून आला आहे आणि 'मार्ग' शब्दाचे मूळ कोशकार 'मृगा'त दाखवतात. मृग ज्या वाटेने जातो तो मार्ग. 'मृगया' आणि 'मृग' यांमागे असलेल्या धातूचा अर्थही शोधणे असाच आहे. म्हणजे हरीण, त्याची वाट आणि त्याचा शोध ही तिन्ही भाषेत एकाच घराण्यातली. आपण 'वेध' घेतो, 'लक्ष्य' ठरवतो, 'चाहूल' लागली म्हणतो. नभात मृग नक्षत्र पाहतो तेव्हा त्याच्या पोटात बाण आणि मागे व्याध असतो, आणि त्याच मृगाच्या सरींची डहाणूचा शेतकरी जूनमध्ये वाट पाहतो. समीक्षेची ही परिभाषा रानातून आली आहे. रान मात्र आपण विसरलो आहोत.

माग काढणे म्हणजे शिकार करणे नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. अमेरिकेत सार्वजनिक जमिनीवर परवाना घेऊन हरणाची शिकार करता येते, पण ठरावीक हंगामातच. तेथील जाणकार शिकारी हंगाम नसलेल्या महिन्यांत हत्याराशिवाय रानात फिरतात. हरणांच्या वाटा, शिंगे घासलेली खोडे, गळून पडलेली शिंगे, चरण्याच्या जागा यांची नोंद ठेवतात. कौशल्याचा मोठा भाग या निःशस्त्र पाहणीत असतो. गोळी ही अखेरची क्षणभराची गोष्ट.

आपल्या रानातही ज्ञान तेच. मऊ मातीत हरणाच्या खुराची टोके जाण्याच्या दिशेने निमुळती होतात. शेळीचा ठसा त्या मानाने बोथट असतो. जनावर पळत गेले असेल तर खूर फाकतो आणि मागच्या लहान नख्याही उमटतात. ठशावर दव पडले आहे की दव मोडून ठसा उमटला आहे, यावरून वेळ कळते. पायवाटेवर आडवे विणलेले कोळ्याचे जाळे अखंड असेल तर इतक्यात तेथून कोणी गेलेले नाही. लेंड्यांची ओल, मोहाची फुले टपकू लागली की त्याखाली होणारी पहाटेची ये-जा, भेकराचे भुंकणे, वानराची इशाऱ्याची हाक या साऱ्यांतून एक वाक्य जुळवावे लागते. शिवाय पहिल्या ठशावरून बांधलेला अंदाज पुढच्या ठशाने खोटा ठरवला, तर तो तिथल्या तिथे सोडावा लागतो. संहितेचे सूक्ष्म वाचन आपण याहून वेगळे काय शिकवतो? शेवटची अट तर आपण पुष्कळदा पाळतही नाही.

या वाचकाला साहित्यात स्थान काय मिळाले? शिकारकथा हा एकेकाळी लोकप्रिय प्रकार. त्यातला निवेदक बहुधा बंदूकधारी असतो. मचाण बांधलेले असते, जनावर कोणत्या वाटेने येणार हे ठाऊक असते, आणि मग कथा सुरू होते. ती सुरू होण्यापूर्वीचे दिवस कोणीतरी माग काढण्यात घालवलेले असतात. तो 'वाटाड्या', 'खोजी' किंवा नुसताच 'गावातला एक माणूस' असतो. त्याला क्वचितच नाव असते आणि त्याचा तर्क निवेदकाच्या धैर्यात जमा होतो.

कायद्यानेही वेगळे काही केले नाही. 1927च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव जंगलातील शिकार शासनाच्या नियमांखाली आणली. परवाना असलेल्याची ती 'शिकार' आणि रानातच राहणाऱ्याची 'चोरटी शिकार', असा भेद भाषेतही रुजला. 1972च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी परवान्याच्या हौशी शिकारीचा काळ संपवला, हे योग्यच झाले. डहाणू-तलासरीच्या रानात आज चितळ-सांबर सहजी दिसत नाहीत. शिकारीची तरफदारी करण्याचे कोणतेच कारण उरलेले नाही. 2006चा वनहक्क कायदा तर अधिक नेमका आहे. पारंपरिक हक्क मान्य करताना त्याने शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला. पण त्याच कलमात जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरचा समूहाचा हक्क मान्य केला. मारणे आणि जाणणे यांत कायद्याने जी रेघ ओढली, ती आपल्या मराठी विभागांनी अजून ओढलेली नाही.

मराठीत ही रेघ ओढणारे लेखक झाले आहेत. व्यंकटेश माडगूळकरांनी बंदूक सोडून पाहणे स्वीकारले, आणि 1983 साली साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेली 'सत्तांतर' ही वानरांवरची कादंबरी त्या पाहण्याचेच फळ. मारुती चितमपल्ली (1932–2025) तर वनाधिकारी. पण रानाची भाषा त्यांनी रानात राहणाऱ्यांकडून घेतली आणि ती मराठीच्या स्वाधीन केली. हे दोघेही थोर, पण बाहेरून रानात गेलेले. मागकऱ्याने स्वतः लिहिलेले किंवा त्याच्या तोंडून जसेच्या तसे उतरवलेले मराठीत किती आहे?

वारल्यांविषयी मराठी वाचकाला दोन चित्रे परिचित आहेत. एक, गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (1970) मधला वेठीविरुद्ध उभा राहिलेला माणूस. दुसरे, गंजाडच्या जिव्या सोमा मशे (1934–2018) यांनी जगभर नेलेली पांढरी रेषा. त्या चित्रांत माणसाचे धड दोन त्रिकोणांचे, आणि जनावराचेही पुष्कळदा तसेच. भिंतीवर काढलेली ही शिकार आपण दिवाणखान्यात लावतो. तीच शिकार ज्या ज्ञानावर उभी होती ते सांगणारा मुलगा मात्र वर्गात ओशाळतो.

आपण धवलेरीची लग्नगीते जमवतो, कणसरीच्या कथा लिहून घेतो. ते आवश्यकच आहे. पण मागाचे शब्द कोणी जमवत नाही, कारण त्यांना गुन्ह्याचा वास येतो. त्या आजोबांच्या पिढीबरोबर ते शब्द जातील. एम.ए.च्या क्षेत्रीय प्रकल्पांत हे काम सहज बसेल: ठशांची, वाटांची, आवाजांची, शिळ्या-ताज्या खुणांची नावे, ग्रामसभेच्या संमतीने आणि सांगणाऱ्याच्या नावानिशी. यातून चोरट्या शिकाऱ्याच्या हाती आयती माहिती पडेल, असा आक्षेप निघेल आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. म्हणून आज जनावर कुठे आहे हे नोंदवायचे नाही. ते कसे ओळखतात एवढेच नोंदवायचे. वनखात्याच्या व्याघ्रगणनेतही तृणभक्ष्यी प्राण्यांच्या लेंड्या मोजतातच. जे विज्ञानाला चालते त्याचे भाषेने वावडे मानू नये.

हे काम होईपर्यंत निबंधाच्या शीर्षकात 'मागोवा' लिहिताना आपण थोडे थांबावे. तो शब्द उसना आहे, आणि ज्यांच्याकडून घेतला त्यांची नातवंडे आपल्याच वर्गात मागच्या बाकावर बसलेली आहेत.