गोड-तिखटाचा मुखवटा

गृहस्थाने पाहुण्याच्या हाती जो पेला द्यावयाचा, त्यात काय आहे हे पाहुण्यास निःसंदिग्धपणे कळले पाहिजे. मद्य प्यावे की न प्यावे हा वाद त्यानंतरचा. आतिथ्याचा हा नियम त्याच्याही आधीचा आहे. आमच्या समाजातील सुखवस्तू घरांत टकीलाचे गोड-तिखट मिश्रण घरच्या घरी करून देण्याची जी हौस अलीकडे बोकाळली आहे, तिला आमचा विरोध आहे तो प्रथम याच कारणाने.

कृती सांगण्यास आम्हांस संकोच नाही. कारण दोष त्या कृतीतच उघड दिसतो. हिरव्या मिरचीच्या दोन-तीन चकत्या चेचावयाच्या, त्यांवर ६० मिलिलिटर टकीला, ३० मिलिलिटर लिंबाचा रस आणि १५-२० मिलिलिटर पाक ओतावयाचा, बर्फासह खळखळून हलवून गाळावयाचे आणि काठाला मीठ व लाल तिखट लावलेल्या पेल्यात द्यावयाचे. आता यातील एकेका जिन्नसाचे काम पाहा. साखर मद्याचा कडवटपणा झाकते, लिंबू त्याचा दर्प झाकते, बर्फ जिभेला बधिर करतो. आणि मिरची या सर्वांहून धूर्त! तोंडातील जी संवेदना मिरचीने चेतते, तीच मद्यानेही चेतते. त्यामुळे घशाला जळजळ झाली की पिणारा म्हणतो, "तिखट जरा जास्त झाले". "मद्य जास्त झाले" असे त्याच्या मनातही येत नाही. परंतु जीभ फसली म्हणून देह फसत नाही. ४० टक्के मद्यार्काच्या ६० मिलिलिटर टकीलात २४ मिलिलिटर, म्हणजे सुमारे १९ ग्रॅम, शुद्ध मद्यार्क असतो. सरबताच्या चवीने असे तीन पेले रिचविणाऱ्याच्या पोटात ५७ ग्रॅम मद्यार्क जातो, आणि मग तोच गृहस्थ मुलाबाळांना गाडीत बसवून घरी निघतो. मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. मात्रा मोजण्याचे जे एकमेव साधन पिणाऱ्याच्या स्वाधीन असते, ती त्याची जीभच यजमानाने काढून घ्यावी, याला आतिथ्य कसे म्हणावे?

कोणी म्हणेल, ही तर मेक्सिकोची संस्कृती आहे. मग ती संस्कृती नीट तरी पाहावी. टकीला हे हालिस्को प्रांतातील एका गावाचे नाव. आमच्या माळांच्या कुंपणांवर दिसणाऱ्या घायपाताच्या कुळातील निळसर वनस्पती तेथे सहा-सात वर्षे वाढवितात, पाने तासून तिचा गड्डा भट्टीत शिजवितात, रस आंबवितात आणि दोनदा ऊर्ध्वपातन करतात. १९७४ पासून या नावाला कायद्याचे संरक्षण आहे, आणि २००६ मध्ये युनेस्कोने ती घायपाताची शेती व जुन्या भट्ट्या जागतिक वारशात घेतल्या. तेथील जाणता मनुष्य टकीला दुसऱ्या कशात न मिसळता घुटक्याघुटक्याने घेतो. संत्रे, लिंबू आणि मिरची यांचे गोड-आंबट-तिखट पेय तेथेही आहे. त्याला सांग्रीता म्हणतात. पण ते वेगळ्या पेल्यात, शेजारी ठेवतात! मद्य ते मद्य आणि रस तो रस, हा विवेक ज्यांचे ते पेय त्यांनी राखला. पूर्वीच्या आस्तेक लोकांत घायपाताच्या आंबविलेल्या रसाची, पुल्केची, मायावेल नावाची देवताही होती. तथापि तरुणांच्या झिंगण्याला त्यांच्यात कठोर शासन होते आणि मोकळीक होती ती वृद्धांना. आम्ही मात्र बाटली तेवढी आणली, मर्यादा तिकडेच ठेवली.

दुसरा आक्षेप घरचा आहे. "गोमंतकात सोरो काय आजचा आहे?" असे विचारणारे पुष्कळ भेटतात. नाही, आजचा नाही. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि तिच्यामागील कष्टकऱ्यांचा आम्ही अनादर करीत नाही. गावच्या राखणदाराला सोरो-रोट दाखविण्याची चालही आम्हांस ठाऊक आहे. परंतु तो सोरो 'सरबत' म्हणून कोणी दाखवीत नाही. उघडपणे, नाव घेऊन, त्याच्या ठरलेल्या जागी ठेवतात. उलट उन्हाळ्यात हुर्राकात लिंबाचे गोड सोडापेय, मीठ आणि चिरलेली मिरसांग घालून "काही चढत नाही" म्हणत जे पेले फिरविले जातात, त्यांनाही आमचा हाच आक्षेप लागू आहे. दोष परदेशी बाटलीचा नाही, मुखवट्याचा आहे. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे. तेव्हा बडोद्याच्या वाचकांना तर हा प्रयोग घरी करणे कायद्यानेही परवडणारे नाही.

परदेशी म्हणून वस्तू त्याज्य मानावी, असे आम्ही कधीच म्हटले नाही. मिरची मूळची मेक्सिकोकडील. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबतांतून ती इकडे आली आणि आज तिच्यावाचून आमचे हुमण होत नाही. लिंबू आशियातून स्पॅनिश लोकांनी तिकडे नेले. अशी देवाणघेवाण चांगलीच. पण गोड-तिखटाची तहान भागविण्यास मद्य लागते, हे कोणी सांगितले? रामनवमीला आमच्या मठमंदिरांतून जे पानक वाटतात, त्यात गूळ, सुंठ, मिरी आणि वेलची असते. जिभेला गोडी, घशाला ऊब, उन्हाच्या काहिलीवर उतारा. आणि पंक्तीतील आजोबांपासून कडेवरच्या पोरापर्यंत सर्वांना तेच एक पेय. त्या तिखटामागे झाकावयाचे काही नसते, म्हणूनच ते निःशंकपणे सर्वांच्या ओंजळीत ओतता येते.

म्हणून गृहस्थांस आमचे सांगणे थोडके आहे. उत्सवाच्या आणि देवकार्याच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींपुढे हे मिश्रण आणूच नये. इतर वेळी ज्यांना प्यावयाचेच असेल, त्यांनी सांग्रीतेच्या रीतीने दोन पेले ठेवावेत, मद्याच्या पेल्याला मद्य म्हणावे आणि ते मापून द्यावे. असे दोन पेले समोर आले, की बहुतेक पाहुणे कोणता उचलतील याविषयी आम्हांस मुळीच शंका नाही. आणि यजमानांनाही ती नाही. मिश्रणाचा एवढा खटाटोप होतो, तो त्यासाठीच!